पडद्यापलीकडची मुलाखत आणि आपला आत्मविश्वास

नोकरीच्या मुलाखतीचे पत्र आले की घरात आनंद होतो आणि ज्याच्या नावे पत्र आले त्याच्या पोटात गोळा येतो. हा अनुभव आपल्या बहुतेक घरांतील आहे. "आत्मविश्वास ठेव, म्हणजे सगळे नीट होईल," असे वडीलधारी मंडळी सांगतात. त्यांचा हेतू चांगला असतो. परंतु आत्मविश्वास ही काही कपाटातून काढून अंगावर घालायची वस्तू नव्हे. ज्याने आयुष्यात एकही मुलाखत दिलेली नाही, त्याने तो आणायचा कोठून, याचे उत्तर मात्र फारसे कोणी देत नाही.

प्रस्तुत लेखात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. आत्मविश्वासामुळे मुलाखत चांगली होते हे खरे आहे, परंतु त्याहून महत्त्वाचे असे की मुलाखतीमुळे आत्मविश्वास येतो. मुलाखत देणे हे आत्मविश्वास कमावण्याचे साधन आहे, आणि अलीकडे रूढ झालेली दूरस्थ मुलाखत हे त्यातले सर्वांत कमी खर्चाचे साधन आहे. मात्र ते वापरावे कसे हे शिकावे लागते.

१) दूरस्थ मुलाखत म्हणजे काय?

उमेदवार एका ठिकाणी व मुलाखत घेणारे दुसऱ्या ठिकाणी असताना घेतलेली मुलाखत म्हणजे दूरस्थ मुलाखत. तिचे तीन प्रकार आज दिसतात. पहिला प्रकार फोनवरील मुलाखतीचा. ही बहुधा प्राथमिक चाळणीसाठी असते आणि दहा-पंधरा मिनिटांत संपते. दुसरा प्रकार झूम, गूगल मीट किंवा मायक्रोसॉफ्ट टीम्स यांसारख्या माध्यमातून समोरासमोर दिसत होणाऱ्या मुलाखतीचा. तिसरा प्रकार ध्वनिचित्रमुद्रित मुलाखतीचा. यात समोर कोणी माणूस नसतो. पडद्यावर प्रश्न उमटतो, विचार करायला थोडा वेळ मिळतो आणि ठरावीक वेळेत कॅमेऱ्यापुढे उत्तर द्यायचे असते.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा अनेक कंपन्यांपुढे दुसरा मार्ग नव्हता म्हणून ही पद्धत सर्रास सुरू झाली. टाळेबंदी संपली, पण पद्धत राहिली, कारण ती दोन्ही बाजूंना स्वस्त पडते. माहिती तंत्रज्ञान, विमा, हिशेबनीस, ग्राहक सेवा, शिकवणी अशा क्षेत्रांतील खाजगी नोकऱ्यांची निदान पहिली फेरी आज बहुधा दूरस्थच असते.

सरकारी नोकरीची गोष्ट वेगळी आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि अराजपत्रित गट ब मधील कनिष्ठ पदांसाठीच्या मुलाखती बंद केल्या. सरकारी बँकांतील लिपिक पदासाठीही आता मुलाखत नसते, लेखी परीक्षेवरच निवड होते. परंतु बँकेतील परिविक्षाधीन अधिकारी पदाला आणि लोकसेवा आयोगाच्या अनेक राजपत्रित पदांना मुलाखत आहे, व ती समक्ष होते. तेव्हा दूरस्थ मुलाखत आपल्याला लागणार नाही असे कोणी समजू नये. ज्याने खाजगी नोकरीच्या चार मुलाखती पडद्यावर दिल्या आहेत, तो आयोगापुढे पाचव्यांदा मुलाखतीला बसत असतो, पहिल्यांदा नव्हे.

२) आत्मविश्वास कोठून येतो?

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास अल्बर्ट बंडुरा (१९२५-२०२१) या मानसशास्त्रज्ञाने केला. त्यांचा जन्म कॅनडातील एका लहानशा गावचा व पुढील कारकीर्द अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील. १९७७ साली त्यांनी मांडलेली कल्पना थोडक्यात अशी : एखादे विशिष्ट काम आपल्याला जमेल, असा जो स्वतःविषयीचा भरवसा असतो, त्यावर आपण ते काम हाती घेतो की नाही आणि अडचण आली तर किती चिकाटीने टिकतो हे अवलंबून असते. हा भरवसा चार वाटांनी येतो.

पहिली वाट प्रत्यक्ष करून पाहण्याची. आपण एखादी गोष्ट केली व ती जमली, हा अनुभव सर्वांत बळकट असतो. दुसरी वाट आपल्यासारख्याला करताना पाहण्याची. इथे 'आपल्यासारख्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. मोठ्या शहरातील इंग्रजी शाळेच्या मुलाला सफाईने बोलताना पाहून तालुक्याच्या मुलीला धीर येत नाही. शेजारच्या गल्लीतली मुलगी बोलताना दिसली, तर येतो. तिसरी वाट विश्वासू माणसाने दिलेल्या प्रोत्साहनाची. चौथी वाट शरीराच्या अवस्थेची. छातीत धडधडू लागले की "मला हे जमणार नाही" असा अर्थ आपण लावतो. तोच अर्थ "शरीर कामाला सज्ज होत आहे" असा लावला तर भरवसा टिकतो.

"आत्मविश्वास ठेव" हे सांगणे यातल्या फक्त तिसऱ्या वाटेवरचे आहे आणि ती वाट एकटी पुरत नाही. पहिली वाट सर्वांत बळकट असल्याने मुलाखत देणे आणि त्यातले जमलेले भाग ओळखणे हाच मुख्य उपाय ठरतो. दूरस्थ मुलाखतीने ही वाट स्वस्त केली आहे. लातूर किंवा यवतमाळहून पुण्याला एका मुलाखतीसाठी जायचे, तर येण्याजाण्याचे भाडे, मुक्काम आणि बुडालेली दोन दिवसांची मजुरी हा सगळा हिशेब होता. त्यामुळे मुले वर्षाकाठी एखादी मुलाखत देत आणि ती हुकली की खचत. आज तेवढ्या खर्चात आठ-दहा मुलाखती देता येतात. प्रत्येक मुलाखतीवर घरादाराचा डोळा नसल्याने ओझेही कमी राहते.

३) पडद्यावरचे ताण आणि त्यांचा खरा अर्थ

दूरस्थ मुलाखतीचे स्वतःचे काही ताण आहेत. ते समजून घेतले नाहीत, तर उमेदवार त्यांनाच आपली कमतरता समजतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातीलच जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ संवादातून येणाऱ्या थकव्याची चार कारणे मांडली. समोरचे चेहरे फार जवळ व सतत रोखून पाहत असल्यासारखे वाटतात. आपलाच चेहरा आपल्याला सारखा दिसत राहतो. एका जागी खिळून बसावे लागते. आणि मान डोलावणे, नजरेने होकार देणे अशा नेहमी सहज होणाऱ्या गोष्टी मुद्दाम कराव्या लागतात व ओळखाव्या लागतात. यातले दुसरे कारण विशेष लक्षात ठेवावे. आरशासमोर बसून परीक्षा देण्यासारखेच ते आहे. बहुतेक ॲपमध्ये स्वतःचे चित्र आपल्यापुरते लपवता येते. ती सोय सापडली नाही, तर पडद्याच्या त्या कोपऱ्यावर कागदाचा तुकडा चिकटवावा.

दुसरा ताण उशिरा पोहोचणाऱ्या आवाजाचा. आपण उत्तर संपवतो आणि समोर शांतता पसरते. "उत्तर चुकले वाटते," असे मनात येते व आपण घाईने काहीतरी जोडू लागतो. वास्तविक पाहता आपला आवाजच त्यांच्यापर्यंत पोहोचायचा असतो. २०१४ साली जर्मनीतील संशोधकांनी दाखवून दिले, की तारेवर सेकंदभराचा विलंब झाला, तरी लोक त्याचा दोष यंत्राला देत नाहीत. समोरचा माणूस अनुत्सुक किंवा कमी लक्ष देणारा आहे असे मानतात. तेव्हा उत्तर संपल्यावर मनात 'एक, दोन' म्हणावे आणि थांबावे. ती शांतता नापसंतीची आहे असे धरून चालू नये.

तिसरा ताण "माझी भीती सर्वांना दिसते आहे" या समजाचा. केनेथ साविट्स्की व थॉमस गिलोविच यांनी २००३ साली भाषण करणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. वक्त्याला स्वतःची घबराट जितकी उघड वाटत होती, तितकी ती श्रोत्यांना दिसत नव्हती. पुढची गोष्ट अधिक उपयोगाची आहे. ही माहिती ज्या विद्यार्थ्यांना भाषणापूर्वी नीट समजावून दिली, त्यांची भाषणे इतरांपेक्षा चांगली झाली. म्हणजे भीती कमी दिसते एवढे ज्ञान झाले तरी धीर येतो. पडद्यावर तर टेबलाखालचे थरथरणारे हात दिसतही नाहीत.

४) जागेची व साधनांची तयारी

आपल्यापैकी अनेकांची घरे एका-दोन खोल्यांची आहेत. वेगळी अभ्यासिका, लॅपटॉप, अखंड वीज हे गृहीत धरून दिलेला सल्ला आपल्या कामाचा नाही. आहे त्यात पुढील गोष्टी करता येतात.

(अ) खिडकी किंवा दिवा आपल्या पाठीमागे नव्हे, समोर असावा. पाठीमागे उजेड असला की चेहरा काळवंडून दिसतो. मागची भिंत साधी असावी. रंग उडालेला असला तरी चालेल. दोरीवरचे कपडे तेवढे काढावेत.

(आ) मोबाइल हातात धरू नये. पुस्तकांच्या किंवा डब्यांच्या चळतीवर तो आडवा व पक्का टेकवावा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असावा. बोलताना कॅमेऱ्याकडे आणि ऐकताना पडद्याकडे पाहावे.

(इ) तारेचा साधा इअरफोन वापरावा. पंख्याचा व रस्त्याचा आवाज त्याने कमी होतो. मधेच फोन येऊन संवाद तुटू नये म्हणून 'डू नॉट डिस्टर्ब' चालू ठेवावे.

(ई) तासभराच्या व्हिडिओ संवादाला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा लागतो. तेवढा शिल्लक आहे का ते आदल्या दिवशी पाहावे. घरातील दुसऱ्या कोणाचा, दुसऱ्या कंपनीचा मोबाइल हॉटस्पॉटसाठी जवळ ठेवावा. बॅटरी पूर्ण भरून ठेवावी.

(उ) आपल्या खात्याला दिलेले नाव तपासावे. कॉलेजात गमतीने ठेवलेले 'रॉकस्टार' हे नाव मुलाखतकारांच्या पडद्यावर झळकू नये. प्रमाणपत्रावर आहे तेच पूर्ण नाव असावे.

(ऊ) घरच्यांना वेळ सांगून ठेवावी. लहान भावंडांना शेजारच्या काकूंकडे अर्धा तास बसवता येते. तरीही मधे कुकरची शिट्टी झाली, तर "क्षमस्व" म्हणून पुढे बोलावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

वीज गेली किंवा संपर्क तुटला तर काय म्हणायचे हेही आधी पाठ करावे. "सर, आवाज मधे तुटला. प्रश्न पुन्हा सांगाल का?" आणि "मॅडम, आमच्याकडे वीज गेली आहे, मी मोबाइलवरून पुन्हा जोडते." ही दोन वाक्ये मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत तोंडात बसलेली असावीत. संपर्क तुटताच पुन्हा जोडावा. दोन मिनिटांत न जमल्यास दिलेल्या क्रमांकावर फोन करावा किंवा ईमेल पाठवावी. अशा वेळी शांतपणे मार्ग काढणारा उमेदवार मुलाखतकारांच्या लक्षात राहतो, कारण नोकरीतही हेच करायचे असते.

५) उत्तराची बांधणी

"तुमच्याविषयी सांगा" आणि "एखादी अडचण तुम्ही कशी सोडवलीत?" हे दोन प्रश्न कोठेही विचारले जातात. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नासाठी चार पायऱ्यांची एक पद्धत जगभर शिकवली जाते : प्रसंग, जबाबदारी, कृती आणि परिणाम. उदाहरण घेऊ.

एखादी विद्यार्थिनी म्हणते, "मी मेहनती आहे, मला हिशेबाची आवड आहे." हे उत्तर खोटे नाही, पण त्यात पकडण्यासारखे काही नाही. तीच मुलगी असे सांगू शकते : "आमच्या वस्तीत १२ महिलांचा बचत गट आहे. प्रत्येकीचे महिन्याला १०० रुपये. तीन महिन्यांचे ३,६०० रुपये वहीत होते, पण पासबुकात ३,४०० दिसत होते (प्रसंग). आई गटात असल्याने वही तपासण्याचे काम माझ्याकडे आले (जबाबदारी). मी प्रत्येक सदस्येची नोंद पासबुकाशी ताडून पाहिली. दोघींनी भरण्याच्या तारखेनंतर रोख पैसे दिले होते. वहीत ते त्याच महिन्यात लिहिले गेले, बँकेत मात्र पुढच्या महिन्यात जाणार होते. मी वहीत पैसे मिळाल्याची तारीख आणि बँकेत भरल्याची तारीख असे दोन वेगळे रकाने आखले (कृती). त्यानंतर वही व पासबुक जुळू लागले आणि महिलांमधला संशय गेला (परिणाम)."

बँकेत ज्याला ताळमेळ म्हणतात तेच काम या मुलीने केले आहे. आमच्या मते आपल्या मुलामुलींकडे असे अनुभव भरपूर आहेत. रेशनकार्डाची दुरुस्ती, शिष्यवृत्तीचे अर्ज, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब, आजारी आजोबांना दवाखान्यात नेणे, धाकट्यांचा अभ्यास घेणे, हे सारे ते करतात. मात्र याला 'अनुभव' म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. अशा पाच प्रसंगांची चार-चार ओळींत मांडणी करून ठेवावी. दूरस्थ मुलाखतीत त्यांचे पाच शब्द कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कॅमेऱ्यामागील भिंतीवर चिकटवता येतात. ही सवलत समक्ष मुलाखतीत नाही. मात्र शब्दच लिहावेत. पूर्ण वाक्ये लिहिली की आपण वाचू लागतो व ते समोर कळते.

सध्या कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मोबाइलवर उपलब्ध आहेत. सरावासाठी त्यांच्याकडून प्रश्न विचारून घ्यावेत, त्यात काही गैर नाही. पण मुलाखत चालू असताना त्यांनी लिहून दिलेली उत्तरे वाचणे हा अप्रामाणिकपणा आहे. शिवाय त्यात स्वतःचा तोटाही आहे. उसन्या उत्तराने मिळालेले यश आपले नसते, त्यामुळे त्यातून भरवसाही मिळत नाही. पुढच्या वेळी भीती तेवढीच राहते.

ध्वनिचित्रमुद्रित मुलाखतीत यंत्र चेहरा वाचून गुण देते अशी भीती अनेकांना वाटते. हायरव्ह्यू या अमेरिकन कंपनीने उमेदवाराच्या चेहऱ्याच्या विश्लेषणाचा वापर टीकेनंतर थांबवल्याचे २०२१ साली जाहीर केले. तेव्हा ओढूनताणून हसण्यापेक्षा मुद्दा स्पष्ट मांडण्याकडे लक्ष द्यावे.

६) "घरी कोण काय करते?"

हा प्रश्न आला की आपल्या अनेक विद्यार्थ्यांचा आवाज खाली येतो. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीतील २५ मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. गुणवत्ता हाच एक निकष आहे असे सांगणारे अधिकारीही कौटुंबिक पार्श्वभूमीच्या प्रश्नाला महत्त्व देत होते, असे त्यात आढळले. त्याच वर्षी प्रा. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवले. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत दलित नावांसाठी सुमारे ०.६७ आणि मुस्लिम नावांसाठी सुमारे ०.३३ आले.

हे सांगण्याचा हेतू निराश करण्याचा नाही. नकार आला म्हणजे आपणच कमी पडलो, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ही वस्तुस्थिती माहीत असली पाहिजे, एवढेच. काही नकार आपल्या तयारीविषयी सांगतात, काही समोरच्याविषयी, आणि काही केवळ जागा एक व उमेदवार पन्नास होते एवढेच सांगतात. प्रत्येक नकाराचा सगळा भार आपल्या डोक्यावर घेणारा मुलगा तिसऱ्या मुलाखतीनंतर अर्ज करणेच सोडतो. हे खरे नुकसान आहे. उलट, सगळा दोष दुसऱ्यावर टाकणारा आपली तयारी सुधारत नाही. दोन्ही टाळायचे आहे.

या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात, खरे आणि ताठ मानेने द्यावे आणि लगेच स्वतःच्या कामाकडे वळावे. "वडील गवंडीकाम करतात, आई शेतमजुरीला जाते. घरात पदवी घेणारी मी पहिली आहे. दहावीपासून घरचा हिशेब व बँकेची कामे मीच पाहते." एवढे पुरे. यात ना कणव मागितली आहे, ना काही लपवले आहे. हे उत्तर घरी आईवडिलांसमोर मोठ्याने म्हणून पाहावे. त्यांच्यापुढे ज्याला संकोच वाटला नाही, त्याला पडद्यापुढे वाटणार नाही.

७) मुलाखतीनंतरची वही

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. मुलाखत संपली की बहुतेक उमेदवार दोनच गोष्टी करतात : निकालाची वाट पाहतात आणि चुकलेले उत्तर आठवत राहतात. त्यामुळे जमलेला भाग विसरला जातो आणि बंडुरा यांनी सांगितलेली पहिली वाट बंद होते.

समक्ष मुलाखतीनंतर प्रवास असतो, गर्दी असते. दूरस्थ मुलाखतीनंतर उमेदवार आपल्याच घरात, आपल्याच वहीशेजारी असतो. याचा फायदा घ्यावा. पडदा बंद झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत चार रकाने भरावेत : (१) काय विचारले, (२) काय जमले, (३) कोठे अडले, (४) पुढच्या वेळी काय करीन. दुसरा रकाना रिकामा सोडायचा नाही असा नियम ठेवावा. काहीच जमले नाही असे कधी होत नाही. वेळेवर जोडले गेलो, नाव स्पष्ट सांगितले, न समजलेला प्रश्न पुन्हा विचारला, हेही जमलेलेच आहे.

आमच्या परिचयातील वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थिनीची वही आम्ही पाहिली आहे. पहिल्या मुलाखतीच्या नोंदीत 'अडले' या रकान्यात सहा ओळी होत्या. त्यातली एक : "जीएसटीत इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणजे काय? येत होते, पण इंग्रजीत सुरुवात सापडली नाही." 'जमले' या रकान्यात एकच ओळ होती : "वीज गेली तरी पुन्हा जोडले." चौथ्या रकान्यात तिने लिहिले की खरेदीवर भरलेला कर विक्रीवरील करातून वजा मिळतो, हे दोन वाक्यांत इंग्रजीत रोज म्हणायचे. दुसऱ्या मुलाखतीत तो प्रश्न आलाच नाही. तिसऱ्या मुलाखतीत आला आणि 'जमले' या रकान्यात गेला. नोकरी तिला पाचव्या मुलाखतीत लागली. पण तिचा आवाज स्थिर झाला तो दुसऱ्या व तिसऱ्या मुलाखतीच्या मधल्या पंधरवड्यात, आणि त्या दोन्हींत तिची निवड झालेली नव्हती. निवड होणे आपल्या हाती नसते, 'अडले' या रकान्यातली एक ओळ 'जमले' या रकान्यात आणणे मात्र आपल्या हाती असते. असा भरवसा नकाराने सहसा मोडत नाही.

नकार आल्यावर मनात जे साचते तेही लिहून काढावे. जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली अमेरिकेत नोकरी गेलेल्या अभियंत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी त्या घटनेविषयीचे आपले विचार व भावना काही दिवस सलग लिहिल्या, त्यांना न लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर नवी नोकरी मिळाली. लिहिल्याने राग व अपमान मनातून बाहेर पडतो आणि पुढच्या मुलाखतकारासमोर नको तेथे उसळत नाही, असे आम्हांस वाटते.

८) एक सावधगिरी

दूरस्थ मुलाखतीच्या नावाखाली फसवणूकही होते आणि तिचे बळी बहुधा गरजू तरुण असतात. बँकेच्या खिडकीवर काम करणाऱ्यांना हे रोज दिसते. म्हणून काही नियम पक्के ठेवावेत. नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉप किंवा अनामत अशा कोणत्याही नावाने पैसे मागणारी नोकरी घेऊ नये. ओटीपी, पिन किंवा पासवर्ड कोणालाही सांगू नये. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून पडदा सामायिक करून बँकेचे ॲप उघडू नये. "तुमच्या खात्यात पैसे येतील, थोडे ठेवून बाकी पुढे पाठवा" अशी नोकरी नसतेच. त्यात आपले खाते चोरीच्या पैशांसाठी वापरले जाते आणि गुन्हा आपल्यावर येतो. पासबुक व एटीएम कार्ड दुसऱ्याच्या हाती देऊ नये. फसवणूक झालीच, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर कळवावे आणि आपल्या बँकेला सांगावे. जितके लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

९) संस्थेने काय करावे?

एवढा वेळ आपण उमेदवाराच्या कर्तव्याविषयी बोललो. आता सभासदांच्या कर्तव्याविषयी. बंडुरा यांची दुसरी व तिसरी वाट एकट्या विद्यार्थ्याच्या हाती नाही; ती आपल्या हाती आहे. सभागृहातील एक लहान खोली, एक चांगला दिवा, एक टेबल आणि खात्रीची इंटरनेट जोडणी एवढी सोय केली, तर ज्यांच्या घरी शांत जागा नाही अशी मुले तेथे बसून मुलाखत देऊ शकतील. महिन्यातील एका रविवारी नोकरीत असलेल्या दोन सभासदांनी एका खोलीत व उमेदवाराने दुसऱ्या खोलीत बसून पडद्यावर सराव मुलाखत घ्यावी. ती पाहायला धाकट्या विद्यार्थ्यांना बसवावे. आपल्यासारख्याच ताईला अडखळताना आणि अडखळून पुढे जाताना पाहिले, की त्यांची भीती तेथेच निम्मी होईल. शेवटी सराव घेणाऱ्यांनी "छान झाले" एवढेच म्हणून उठू नये. जमलेली एक आणि सुधारायची एक अशा दोन नेमक्या गोष्टी सांगाव्यात.

स्वाध्याय

(१) आपल्या जीवनातील तीन प्रसंग निवडून ते प्रसंग, जबाबदारी, कृती व परिणाम अशा चार पायऱ्यांत लिहा.
(२) "तुमच्याविषयी सांगा" या प्रश्नाचे दीड मिनिटाचे उत्तर मोबाइलवर मुद्रित करा. एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा न पाहता ऐका. दोन्ही वेळी काय बरे होते ते आधी लिहा.
(३) घरातील कोणती जागा, कोणत्या वेळी, कोणत्या उजेडात मुलाखतीस योग्य आहे ते मित्राला व्हिडिओ कॉल करून ठरवा.
(४) मागील कोणत्याही मुलाखतीची किंवा तोंडी परीक्षेची चार रकान्यांची नोंद करा. दुसरा रकाना रिकामा ठेवू नका.

विद्यार्थी मित्रांनो, हे चार स्वाध्याय पूर्ण झाले की आत्मविश्वास येण्याची वाट पाहत थांबू नका. या आठवड्यात एक अर्ज करा. मुलाखतीचे बोलावणे आले तर वही जवळ ठेवून बसा, आणि ती वही संस्थेत घेऊन या. आम्ही ती आनंदाने वाचू.